हिशेब विचारा : कॉफीच्या पाकिटावरचा शिक्का

मागच्या अंकात हॉलमार्क, अ‍ॅगमार्क आणि सेंद्रिय मालावरच्या शिक्क्यांबद्दल लिहिलं होतं. शेवटी सहज म्हणून गेले की परदेशी कॉफीवरच्या फेअरट्रेडच्या, म्हणजे छोट्या शेतकऱ्याला पुरेसा भाव मिळाल्याची खूण म्हणून मारतात त्या शिक्क्याबद्दल पुन्हा केव्हातरी बोलू. तेवढ्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आला. चहाच्या या बडोद्यात कॉफी पिणारी एवढी माणसं आहेत, हे मला ठाऊक नव्हतं! म्हणून हा महिना कॉफीचा. वारसनोंद आणि सोसायटीच्या मेन्टेनन्सची भांडणं पुढच्या महिन्यात घेते, तोवर दम धरा.

"मुलगी जर्मनीत असते. येताना कॉफीची पाकिटं आणली. काळ्या चौकटीत निळा-हिरवा गोल आणि त्यात हात वर केलेला माणूस असा शिक्का आहे. ती म्हणते, ही घेतली की शेतकऱ्याला जास्त पैसे मिळतात. जावईबापू म्हणतात, सगळं थोतांड, श्रीमंतांच्या मनाला बरं वाटावं म्हणून काढलेलं. घरात यावरून चांगलीच जुंपली. खरं कुणाचं?" — एक वाचक, दांडिया बाजार

जावयाशी वाद घालू नये हे तुम्हाला मी काय सांगणार! तुमच्या पाकिटावरचा शिक्का फेअरट्रेडचाच, आणि या खेपेला मुलीची बाजू थोडी वरचढ आहे. थोडीच.

मी सारा जन्म सहकार खात्यात ऑडिट केलं, त्यामुळे शिक्का दिसला की मी आधी विचारते, यात कोण कुणाला किती देणं लागतो? फेअरट्रेडमध्ये याचं उत्तर आकड्यांत आहे, म्हणून मला ते आवडतं. पहिली बाब हमीभावाची. अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन जाती. धुतलेल्या (पाण्याने गर काढून वाळवलेल्या) अरेबिकाला पौंडामागे १ डॉलर ८० सेंट. हा दर ऑगस्ट २०२३ पासूनचा. त्याआधी कित्येक वर्षं तो १ डॉलर ४० सेंटांवर अडकून होता. साध्या वाळवलेल्या रोबस्टाला १ डॉलर २० सेंट. न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात भाव कितीही पडो, खरेदीदाराला एवढे मोजावेच लागतात. बाजार वर असेल तर अर्थातच बाजारभाव. दुसरी बाब प्रीमियमची: भाव काहीही असो, पौंडामागे २० सेंट वेगळे. माल सेंद्रिय असेल तर आणखी ४० सेंट.

आता हे किलोत आणि रुपयांत करू. डॉलर ८५ रुपयांना धरते, म्हणजे हिशेब सोपा जाईल. हमीभाव होतो किलोला सुमारे ३३७ रुपये आणि प्रीमियम साडेसदतीस. हे कच्च्या बियांचे दर. भाजताना वजन घटतं. एक किलो भाजलेल्या कॉफीला साधारण १ किलो १९० ग्रॅम कच्च्या बिया लागतात. म्हणजे तुमच्या अर्ध्या किलोच्या पाकिटात प्रीमियम निघाला बावीस रुपयांच्या आसपास. कपाला दहा ग्रॅम पूड धरली तर कपामागे ४५ पैसे. जावईबापूंना हा आकडा सांगा, ते मोठ्याने हसतील. हसू द्या.

कारण खरी ताकद हमीभावात आहे आणि ती वाईट वर्षी दिसते. २००१ साली न्यूयॉर्कचा भाव पौंडाला ५० सेंटांच्याही खाली गेला. तोडणीची मजुरी सुटेना म्हणून मध्य अमेरिकेत लोकांनी फळं झाडावरच सोडून दिली. त्या वेळी फेअरट्रेडचा हमीभाव होता १ डॉलर २१ सेंट आणि वर ५ सेंट प्रीमियम. बाजाराच्या दुपटीहून जास्त. २०१९ मध्ये भाव पुन्हा डॉलरच्या खाली आला, तेव्हाही ज्यांच्याकडे फेअरट्रेडची मागणी होती त्यांना १ डॉलर ४० मिळाले. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तोच भाव चार डॉलरच्या पलीकडे! अशा वर्षी हमीभावाला कुणी विचारत नाही. उलट दारात रोख पैसे घेऊन व्यापारी उभा असतो, सभासद त्यालाच माल घालतात आणि आधीच करार करून बसलेली सोसायटी तोंडघशी पडते. म्हणजे तेजीतसुद्धा सोसायटीच्या डोक्याचा ताप आहेच.

आता जावईबापूंच्या बाजूने दोन गोष्टी, कारण त्यांचंही अगदीच चुकत नाही. एक, हा भाव बंदरावर माल जहाजात चढेपर्यंतचा असतो आणि तो शेतकऱ्यांच्या संस्थेला मिळतो. त्यातून फळं सोलणं, वाळवणं, पोती, ट्रक, व्याज, सेक्रेटरीचा पगार असं सगळं वजा होऊन उरेल ते शेतकऱ्याचं. संस्था नेटकी चालली तर बरंच उरतं, ढिसाळ चालली तर हमीभाव मधल्यामध्ये जिरतो. दोन, शिक्का मिळाला म्हणजे गिऱ्हाईक मिळालं असं होत नाही. प्रमाणित संस्थेचा सगळाच माल फेअरट्रेडच्या भावाने उचलला जात नाही. उरलेला त्यांना बाजारभावानेच विकावा लागतो. तपासणीची फी मात्र पूर्ण भरावी लागते.

एक बारकी गोष्ट. शिक्क्याच्या शेजारी छोटा बाण आहे का, ते बघा. बाण असेल तर मागची बारीक अक्षरं वाचायची, कारण काही मालांत प्रमाणित आणि साधा माल कारखान्यात एकत्र होऊ देतात आणि हिशेब कागदावर जुळवतात. कोको, साखर, चहा यांत ते चालतं. कॉफीत चालत नाही. शिक्का असलेल्या पाकिटातली कॉफी त्या संस्थांच्या शेतांतलीच असावी लागते. मुलीला हे सांगा, खूश होईल.

"आम्ही मित्र फतेहगंजच्या एका कॅफेत बसतो. कपुचिनो २५० रुपये. भिंतीवर लिहिलंय, 'एथिकली सोर्स्ड, डायरेक्ट ट्रेड'. मावशी, हे खरं आहे की नाही ते कसं कळणार?" — कॉलेजचा विद्यार्थी

बाळा, आधी हे सांग, २५० रुपयांची कॉफी रोज पितोस की महिन्यातून एकदा? बरं, तो प्रश्न तुझ्या आईचा.

दोन शॉटला साधारण अठरा ग्रॅम पूड लागते. वर सांगितलेल्या हमीभावाने त्या पुडीतल्या कच्च्या बियांचे होतात सात रुपये आणि काही पैसे. तेजीच्या भावाने, चार डॉलरने धर, तरी सोळा-सतरा. बाकीचे तू दुधाला, एसीला, भाड्याला, मशिनला आणि त्या भिंतीवरच्या सुंदर अक्षरांना देतोस. यात गैर काही नाही, दुकान चालवायचं तर खर्च असतातच. फक्त 'एथिकल' हा शब्द त्या सात रुपयांना लागू आहे, उरलेल्यांना नाही, एवढं लक्षात ठेव.

'डायरेक्ट ट्रेड' म्हणजे भाजणाऱ्याने मधले दलाल टाळून मळ्याकडून थेट घेतलं, असं तो स्वतःच सांगतो. बाहेरचं कुणी तपासत नाही. काही जण अतिशय प्रामाणिकपणे करतात आणि फेअरट्रेडपेक्षा कितीतरी जास्त भाव देतात. काहींना शब्द आवडलेला असतो. ओळखायचं कसं? काउंटरवर विचार: कुठल्या गावची, कुठल्या मळ्याची किंवा संस्थेची, कुठल्या हंगामाची, आणि कच्च्या बीला किलोमागे किती दिले? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं पोरं पटापट देतात, त्यांना शिकवलेलं असतं. चौथ्याला जो मालकाला फोन लावतो आणि आकडा सांगतो, त्याची कॉफी पी.

हिरव्या बेडकाचा शिक्का दिसला तर तो रेनफॉरेस्ट अलायन्सचा. झाडं, पाणी, फवारणी, मजुरांचे हक्क असं त्यात तपासतात, पण फेअरट्रेडसारखा ठरलेला हमीभाव त्यात नाही. आणि सेंद्रियचा शिक्का शेतात काय घातलं ते सांगतो, शेतकऱ्याच्या खिशात काय पडलं ते सांगत नाही.

"मी आमच्या गावच्या दूध मंडळीचा अनेक वर्षं मंत्री (सेक्रेटरी) होतो. सकाळ-संध्याकाळ दूध, फॅट काढून पैसे, वर्षाच्या शेवटी भावफेर, म्हणजे दुधाच्या भावातला वाढीव फरक. हे सगळं आपण केव्हाचं करतोय. आता गोऱ्यांनी शिक्का मारला की ते 'फेअर' झालं का?" — वाघोडिया रोडवरून

पत्र वाचून बरं वाटलं. या लेखातला सगळ्यात चांगला प्रश्न तुमचा.

आधी तुमच्या अभिमानात भर घालते. सहकाराचा सरकारी कायदा आला १९०४ साली. त्याच्या पंधरा वर्षं आधी, १८८९ मध्ये, याच बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी, म्हणजे भाऊसाहेबांनी, अन्योन्य सहकारी मंडळी काढली. देशातली पहिली परस्पर साहाय्याची संस्था म्हणून रिझर्व्ह बँकसुद्धा तिचंच नाव घेते. आपल्या मराठी मंडळींना मल्हारराव-सयाजीरावांच्या गोष्टी पाठ असतात, कवठेकर कुणाला आठवत नाहीत. पुढे १९४६ मध्ये आणंदला अमूल, १९५७ मध्ये बरोडा डेअरी. तेव्हा सभासदांनी एकत्र येऊन दलालाला बाजूला काढायचं, ही विद्या आपल्याला कुणी शिकवायला नको.

फेअरट्रेडची सुरुवातही अशाच एका मंडळीतून झाली, पण मेक्सिकोत. ओहाका प्रांतातल्या डोंगरी कॉफीवाल्या आदिवासींची युसिरी नावाची संस्था होती. गावात येऊन पडेल भावाने कॉफी उचलणाऱ्या दलालांना ते लोक 'कोयोते' म्हणायचे, म्हणजे लांडग्याच्या जातीचा एक प्राणी. त्यांच्यात राहणारे फ्रान्स व्हान डर होफ हे डच धर्मगुरू आणि हॉलंडमधले निको रोझेन यांनी मिळून १९८८ मध्ये डच बाजारात 'मॅक्स हावेलार' हा शिक्का आणला. त्या गावांना दान नको होतं, दलालाला वगळून पुरेसा भाव हवा होता. आणि लगेच पुढच्या वर्षी, १९८९ मध्ये, कॉफी पिकवणाऱ्या आणि पिणाऱ्या देशांमधला निर्यातीच्या कोट्याचा करार मोडला. तोवर कुणी किती कॉफी बाजारात सोडायची यावर बंधन असल्याने भाव टिकून होता. बंधन गेलं आणि भाव कोसळला. नाहीतर एका छोट्या देशातला तो शिक्का एवढा पसरला असता की नाही, मला शंका आहे. १९९७ मध्ये निरनिराळ्या देशांतल्या अशा संस्थांनी मिळून जर्मनीत बॉन इथे एकच मध्यवर्ती संस्था केली.

आपल्याकडे त्या काळात कॉफीवाल्याला वेगळाच जाच होता. सगळी कॉफी कॉफी बोर्डाच्या पूलमध्ये, म्हणजे एकत्र साठ्यात, जमा करायची आणि पैसे हप्त्याहप्त्याने येतील तेव्हा घ्यायचे. नव्वदच्या दशकात ते टप्प्याटप्प्याने सुटलं. शेतकरी मोकळा झाला आणि त्याच झटक्यात न्यूयॉर्क-लंडनच्या भावाला थेट बांधला गेला. केरळात वायनाड, कन्नूर, कोळिकोड या भागातल्या छोट्या शेतकऱ्यांची फेअर ट्रेड अलायन्स केरळ उभी राहिली, ती या पार्श्वभूमीवर. कॉफी, मिरी, काजू सगळंच ते लोक या वाटेने विकतात.

आता तुमच्या मुद्द्यावर. दूध मंडळी आणि फेअरट्रेड संस्था यांत मला ऑडिटर म्हणून एक मोठा फरक दिसतो. आपल्याकडे भावफेर सभासदाच्या खात्यात जातो: ज्याने जितकं दूध घातलं त्याला तितका. त्यातून त्याने म्हैस घ्यावी, मुलीचं लग्न करावं किंवा फटफटी घ्यावी, मंडळी विचारत नाही. फेअरट्रेडचा प्रीमियम मात्र संस्थेच्या खात्यात राहतो आणि सर्वसाधारण सभेने ठराव करून खर्च करायचा असतो. रोपवाटिका, वाळवणीचं अंगण, शाळेची खोली, दवाखान्याची गाडी. त्या २० सेंटांतले किमान ५ सेंट कॉफीची प्रत आणि उत्पन्न सुधारण्यावर घालायचे असा कॉफीपुरता नियमच आहे. सभेने ठरवलं तर रोख वाटपही करता येतं. म्हणजे सगळा जीव त्या सभेत आहे.

आणि सभा म्हणजे काय चीज असते, ते तुम्हाला आणि मला वेगळं सांगायला नको. नोकरीत असताना एका गावी मंडळीचं प्रोसिडिंग बुक माझ्यापुढे आलं. वार्षिक सभा, हजर सभासद, ठराव एकमताने मंजूर, खाली सह्यांच्या दोन पानी रांगा. सगळ्या सह्या एकाच निळ्या शाईत, आणि 'पटेल' मधला 'ट' प्रत्येक ठिकाणी त्याच लकबीने वर उचललेला. मी काही बोलले नाही. चहा आला. मग मंत्र्यांना म्हटलं, "आता हजर सभासदांतल्या कुणाही चौघांना बोलावून घ्या, दोन मिनिटं बोलते." पहिल्याच बाईंनी विचारलं, "कई सभा?" म्हणजे, कुठली सभा?

फेअरट्रेडची तपासणी करणारी फ्लोसर्ट म्हणून वेगळी कंपनी आहे, तिची माणसं नेमकं हेच करतात: ठराव वाचतात, मग सभासदांना गाठून विचारतात की प्रीमियम किती आला आणि कशावर गेला. नुसतं पुस्तक बघून जाणारा ऑडिटर कुठल्याही देशात सह्यांच्या रांगा बघून परत जाईल. तेव्हा गोऱ्यांच्या शिक्क्याने तुमची मंडळी 'फेअर' होत नाही, ती आधीच असेल तर आहे. पण हॅम्बुर्गच्या दुकानात उभ्या राहिलेल्या बाईला तुमची मंडळी दिसत नाही. तिच्या आणि संस्थेच्या मध्ये समुद्र आहे, म्हणून तो शिक्का. वाघोडियाचं दूध वाघोडियाच्या आसपासच प्यायचं असेल तर त्याची काही गरज नाही.

एक सोय मात्र आपल्या मंडळ्यांनीही उचलावी अशी आहे. संस्थेने मागितलं तर फेअरट्रेडच्या खरेदीदाराला कराराच्या रकमेच्या साठ टक्क्यांपर्यंत आगाऊ रक्कम मिळण्याची व्यवस्था करावी लागते. कॉफीचं पीक वर्षातून एकदाच हाती येतं. मधल्या महिन्यांत घर चालवायला शेतकरी सावकाराकडे जातो आणि पीक झाडावर असतानाच विकून मोकळा होतो. पुष्कळदा कमी भावापेक्षा या उचलीनेच माणूस जास्त नागवला जातो.

"शेतकऱ्याचं झालं. पण फळं तोडणाऱ्या बायकांचं काय? त्यांना या प्रीमियममधलं काही मिळतं का?" — एक वाचक भगिनी, मांजलपूर

फारसं नाही. इथे मी फेअरट्रेडची वकिली करणार नाही.

रचनाच अशी आहे की कॉफीत हा शिक्का छोट्या शेतकऱ्यांच्या संस्थांनाच मिळतो, मोठ्या मळ्यांना नाही. (चहाच्या मळ्यांना मिळतो, तिथे प्रीमियमवर मजुरांच्या समितीचा अधिकार असतो. कॉफीला हा नियम का नाही, यावर भांडण होऊन अमेरिकेतल्या संस्थेने २०११ मध्ये वेगळी चूल मांडली आणि ती मळ्यांनाही प्रमाणपत्र देते.) आता छोटा शेतकरी म्हटला तरी तोडणीला मजूर लागतातच. प्रीमियमचा ठराव सभासद करतात आणि तोडणारी बाई सभासद नसते. कोस्टा रिकात अर्थतज्ज्ञांनी बरीच वर्षं आकडे तपासले, तर फायदा शेताच्या मालकांना झालेला दिसला, मजुरीवर तोडणी करणाऱ्यांना झाल्याचं दिसलं नाही. इथिओपिया आणि युगांडावर लंडनच्या सोआस विद्यापीठाचा २०१४ चा अहवाल तर याहून कडू होता: फेअरट्रेड संस्था असलेल्या भागांत मजुरांची मजुरी इतर ठिकाणांपेक्षा कमीच निघाली. फेअरट्रेडने त्या तुलनेच्या पद्धतीवर आक्षेप घेतला, तो वाद अजून कुणी मिटवलेला नाही.

हे म्हणजे नेमकं काय असतं, ते मी एकदा जवळून पाहिलंय. ओळखीतून कोडगूत, म्हणजे कूर्गला, एका मळ्यावर राहायला गेलो होतो. फेअरट्रेडचा वगैरे काही संबंध नाही, मोठा मळा. जानेवारीचे दिवस, तोडणी भरात. संध्याकाळी उतारावरून बायका पोती डोक्यावर घेऊन खाली यायच्या, काही तिथल्या, काही आसाम-झारखंडकडून आलेल्या. प्रत्येकीने आपलं पोतं ताडपत्रीवर ओतायचं, हिरवी फळं, पानं, काड्या निवडून बाजूला काढायच्या आणि मग पुन्हा भरून काट्याला लावायचं. शेजारी वही घेऊन बसलेल्या कारकुनाला तिथे 'राइटर' म्हणतात. तो आकडा पुकारायचा, पोत्याचं वजन वजा करायचा आणि लिहायचा. किलोवर पैसे. सगळं भराभर, कारण काळोख पडत आलेला आणि मागे रांग.

एक बाई दिवसभराचा आकडा बॉलपेनने हातावर लिहून ठेवायची; दुपारचं पोतं किती भरलं, ते. राइटरने बेरीज सांगितली तशी तिने कोपरापासून मनगटापर्यंत हात पाहिला आणि मान हलवली. तो म्हणाला, पुढे हो. ती हलली नाही. मागच्या बायका थांबल्या. शेवटी त्याने वही उलटीसुलटी केली, दुपारची एक ओळ दुसऱ्या बाईच्या नावावर पडलेली सापडली. त्याने खोडून नीट केलं, ती हात पदराला पुसत निघून गेली. अशी एक बाई जरी माझ्या हाताखाली ऑडिटला असती, तर मी निम्मी सुट्टी घेतली असती.

तिला फेअरट्रेडने काय दिलं असतं? तो मळा शिक्क्याच्या कक्षेतच येत नाही. तिच्या कामी येतो तो किमान वेतनाचा कायदा आणि तो बजावणारा इन्स्पेक्टर, आणि तो डोंगर चढून केव्हा येतो ते मी सांगायला नको. तुम्हाला तोडणाऱ्या बायकांची काळजी असेल, तर फक्त शिक्का बघून समाधान मानू नका. कॅफेवाल्याला, भाजणाऱ्याला विचारा की मळ्यावर तोडणीचा किलोमागे दर काय आहे.

"मी घरी कॉफी भाजून पाकिटं विकते, इन्स्टावर चांगला प्रतिसाद आहे. बिया चिकमगळूरच्या एका शेतकऱ्याकडून घेते, भाव चांगला देते. पाकिटावर फेअरट्रेडचं चिन्ह छापू का?" — नवउद्योजक, कारेलीबाग

नाही. ते नोंदणीकृत चिन्ह आहे. प्रमाणित संस्थेचा माल आणि तुमच्याकडे परवाना, दोन्ही असल्याशिवाय छापलं तर वकिलाचं पत्र येईल. फेअरट्रेडची भारतात शाखा आहे, तिथे चौकशी करा. पण एकट्या शेतकऱ्याकडून घेत असाल तर मुळात ते लागूच होत नाही, कारण तिथे संस्था लागते. त्यापेक्षा शेतकऱ्याची परवानगी घेऊन त्याचं गाव, हंगाम आणि तुम्ही दिलेला किलोचा भाव पाकिटावर छापा. भावाचा आकडा छापायला कुणाचा परवाना लागत नाही आणि तो छापणारे फार थोडे आहेत. चिकमगळूर अरेबिका, बाबाबुडनगिरी अरेबिका, अराकू अरेबिका या नावांना २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. ही नावं वापरतानाही त्याचे नियम आधी वाचून घ्या. अराकूच्या आदिवासी शेतकऱ्यांच्या कॉफीचं तर चवीच्या जोरावर २०१७ मध्ये पॅरिसला दुकान निघालं. म्हणजे चवीच्या जोरावरही वाट आहे, पण तिला चांगली प्रत आणि चिकाटी दोन्ही लागतात.

"आम्ही आपली रावपुऱ्यातल्या अण्णांकडून दळलेली फिल्टर कॉफी आणतो, चिकोरी (एका मुळाची भाजून केलेली पूड) घातलेली. तिच्यावर कसलाच शिक्का नाही. आम्ही काही वाईट करतोय का? आणि तुम्ही स्वतः कुठली पिता?" — सासू-सुना, रावपुरा

काही वाईट करत नाही. कॉफी दळून विकणाऱ्या छोट्या दुकानदाराचं घरही त्याच पैशांवर चालतं. भारतातली कॉफी पिकवणारे बहुतेक सगळे दहा हेक्टरच्या आतले शेतकरी आहेत, त्यामुळे तुमच्या डब्यातही छोट्या शेतकऱ्याची कॉफी असण्याची शक्यता दांडगी आहे. अण्णांना इतकंच विचारा की बिया कुठून येतात. आवडीने सांगतील, अर्धा तास हाताशी ठेवून जा.

मीही चिकोरीवालीच पिते, सकाळी एकदा, स्टीलच्या पेल्यात. चिकोरीच्या नावाने नाक मुरडणाऱ्यांना सांगा की ती आपल्या शेजारची आहे: आणंद-नडियादकडे, चरोतरात, तिची शेती होते, जामनगरकडेही. कपातली कॉफी चिकमगळूरची आणि कडवट काळा रंग चरोतरचा! तिच्या शेतकऱ्याला काय भाव मिळतो हे विचारायला कुठल्याही देशातून अजून कुणी आलेलं नाही. मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी असा नियम आहे आणि बंद पाकिटावर प्रमाण छापावं लागतं. अण्णा सुटी देत असतील तर प्रमाण त्यांच्या तोंडून घ्या आणि दर त्या मानाने आहे का ते बघा, कारण चिकोरी कॉफीपेक्षा बरीच स्वस्त असते. आणि थोडी थोडीच आणत जा. पावसाळ्यात डब्याचं झाकण सैल राहिलं की चिकोरी ओल ओढते, पुडीचा दगड होतो आणि मग सुनेला तो चमच्याने फोडत बसावा लागतो.